एकाच सर्व्हरवर ओव्हीएस, व्हीपीपी आणि स्वतःचं कॅप्चर अ‍ॅप: ह्यूजपेजची वाटणी कशी करावी?

पॅकेटपाटील

मंडळी, एका लिनक्स सर्व्हरवर पॅकेट हाताळणारे तीन प्रोग्रॅम एकत्र नांदवायचे आहेत: ओव्हीएस (ओपन व्हीस्विच, सॉफ्टवेअर स्विच), व्हीपीपी (सॉफ्टवेअर राउटर) आणि आमचं कॅप्चर अ‍ॅप. तिघंही डीपीडीके (कर्नलला वळसा घालून कार्डाशी थेट बोलणारी लायब्ररी) वापरतात आणि तिला ह्यूजपेज, म्हणजे ४ केबीऐवजी २ एमबी किंवा १ जीबीची मोठी मेमरी पानं लागतात. मांडणी अशी:

दोन सॉकेट, दोन न्यूमा नोड (एका सॉकेटचा सीपीयू आणि त्याच्या जवळची मेमरी म्हणजे एक नोड), प्रत्येक नोडवर ९६ जीबी रॅम. नोड ० वर ओव्हीएस (डीपीडीके सकट) आणि त्याला व्हीहोस्ट-युजरने (सामायिक मेमरीतून पॅकेट देण्याची पद्धत) जोडलेली ४ जीबीची दोन व्हीएम. नोड ० वरच आमचं सी मधलं डीपीडीके कॅप्चर अ‍ॅप, त्याला वेगळं दोन पोर्टचं कार्ड. नोड १ वर व्हीपीपी, त्याचं कार्डही नोड १ च्याच पीसीआयवर. बूटलाइनमध्ये सध्या 'डीफॉल्ट_ह्यूजपेजएसझेड=१जी ह्यूजपेजएसझेड=१जी ह्यूजपेजेस=३२' आहे.

अडचणी तीन. ओव्हीएस चालू असताना कॅप्चर अ‍ॅप उठत नाही, 'कॅनॉट क्रिएट लॉक ऑन /व्हार/रन/डीपीडीके/आरटीई/कॉन्फिग, इज अनदर प्रायमरी प्रोसेस रनिंग?' असं म्हणतं. दुसरं, 'किल -९' केल्यावर पानं मोकळी होत नाहीत. तिसरं, व्हीपीपीचं पॅकेज टाकून रीबूट केल्यावर मशीनची साधी मेमरीच जवळपास संपली.

(कमांडी आणि पाथ देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन.)

नोडशून्य

पहिल्याचं उत्तर सोपं. डीपीडीकेच्या प्रत्येक प्रायमरी प्रोसेसला एक प्रीफिक्स असतो. तुम्ही दिला नाहीत तर तो 'आरटीई'. त्या नावाने /व्हार/रन/डीपीडीके खाली डिरेक्टरी होते, तिच्यातल्या कॉन्फिग फाइलवर लॉक बसतं आणि ह्यूजपेजच्या फाइलींनाही तेच नाव लागतं: आरटीईमॅप_०, आरटीईमॅप_१ वगैरे. दोन्ही प्रोग्रॅम 'आरटीई' म्हणूनच उठले तर दुसऱ्याला लॉक मिळणार कुठून?

कॅप्चर अ‍ॅपला '--फाइल-प्रीफिक्स=कॅप' द्या. ओव्हीएसला ते 'अदर_कॉन्फिग:डीपीडीके-एक्स्ट्रा' मधून द्यायचं. व्हीपीपी स्वतःच 'व्हीपीपी' प्रीफिक्स लावतो.

प्रीफिक्स वेगळा केला की दोघं एकमेकांना पूर्ण अनोळखी होतात. एकच पोर्ट दोघांना वापरता येत नाही, म्हणून '-ए' ने प्रत्येकाला त्याचेच पीसीआय पत्ते द्या (२०.११ च्या आधीच्या आवृत्तीत '-डब्ल्यू'). कोअरही '-एल' ने वेगळे ठेवा, कारण दोन पोलिंग थ्रेड एका कोअरवर बसले तर मेमरीची वाटणी कितीही नेटकी असो, पॅकेट गळणारच.

घाटावरचा पिंग

लॉकची चूक जाईल, पण खरी मारामारी त्यानंतर सुरू होते. प्रीफिक्सने फक्त नावं वेगळी होतात, पानांचा साठा कर्नलकडे एकच राहतो. जो आधी येईल तो घेईल. आणि डीपीडीके १८.०५ पासून मेमरी गरजेप्रमाणे वाढते, म्हणजे सकाळी १ जीबीवर असलेला प्रोग्रॅम दुपारी ५ वर जाऊ शकतो आणि रात्री रीस्टार्ट होणाऱ्या दुसऱ्याला पान उरत नाही.

म्हणून दोन आकडे द्यायचे, एक नाही. '--सॉकेट-मेम' म्हणजे सुरुवातीलाच घ्यायची आणि कधीच न सोडायची मेमरी. '--सॉकेट-लिमिट' म्हणजे कमाल मर्यादा. दोन्ही एमबीमध्ये, नोडप्रमाणे स्वल्पविरामाने. लोक पहिला लिहितात आणि दुसरा विसरतात.

टीएलबीताई

पिंग, त्यात एक खाच आहे. '--सॉकेट-लिमिट=४०९६,०' लिहिलं तर माणूस समजतो की नोड १ वर बंदी घातली. उलटं आहे. लिमिटमध्ये शून्याचा अर्थ 'या नोडवर मर्यादा नाही'. सॉकेट-मेममध्ये शून्य म्हणजे शून्यच. एकाच चिन्हाचे दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवणाऱ्याला दंडवत.

नोड १ वर आवर घालायचा तर लिमिटमध्ये एका पानाएवढा आकडा द्या: १ जीबी पानं असतील तर '४०९६,१०२४'. आणि फक्त १ जीबी पानं असताना सॉकेट-मेम ५१२ लिहिलं तरी पूर्ण पानच जातं, हेही हिशेबात धरा.

आणखी एक, '--लेगसी-मेम' लावलं असेल तर सॉकेट-लिमिट लागू होत नाही. तिथे मेमरी सुरुवातीलाच ठरते आणि सॉकेट-मेम दिलं नाही तर तो प्रोग्रॅम दिसतील तेवढी सगळी पानं पदरात घेतो. जुन्या अ‍ॅपच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये हा फ्लॅग कुणीतरी कधीतरी टाकून ठेवलेला असतो, आधी तो शोधा.

पॅकेटपाटील

ताई, आमच्या स्क्रिप्टमध्ये खरंच '--लेगसी-मेम' निघाला. काढतो. आता कुणाला किती द्यायचं? सध्या डोळे झाकून प्रत्येकी ८ जीबी ठरवलं होतं.

टीएलबीताई

डोळे उघडे ठेवून मोजू, फार कठीण नाही.

आधी कॅप्चर अ‍ॅप. नेहमीच्या एमबफमध्ये (पॅकेट ठेवायचा डीपीडीकेचा बफर) २०४८ बाइट डेटा, १२८ बाइट हेडरूम, १२८ बाइटचं एमबफ स्ट्रक्चर आणि मेमपूलचं (एमबफच्या साठ्याचं) ६४ बाइटचं हेडर. बेरीज २३६८, म्हणजे बरोबर ३७ कॅशलाइन. मेमरी चॅनलवर विखुरण्यासाठी मेमपूल त्यात थोडं पॅडिंग घालू शकतो, ते वरकड धरा.

किती एमबफ लागतील? एकाच वेळी जिथे जिथे अडकू शकतात त्या सगळ्या जागा मोजा. २ पोर्ट, प्रत्येकी ४ रांगा, प्रत्येक रांगेत ४०९६ डिस्क्रिप्टर (कार्डाला दिलेल्या एकेका बफरची नोंद): ३२७६८. कॅप्चरमध्ये टीएक्स (पाठवणं) नाही, असता तर त्याचेही तेवढेच धरावे लागले असते. ८ कोअरची मेमपूल कॅश: २५६ ची कॅश दीडपट होईपर्यंत रिकामी होत नाही, म्हणून ८ गुणिले ३८४ म्हणजे ३०७२. डिस्कवर लिहिणाऱ्या थ्रेडकडे जाणारी रिंग ६५५३६ ची असेल तर तेवढे आणखी. एकूण १०१३७६. मेमपूलला दोनाच्या घातापेक्षा एक कमी हा आकडा मानवतो, म्हणून १३१०७१. त्याची मेमरी २९६ एमबी.

म्हणजे ८ जीबीच्या जागी एका पानात काम झालं. फ्लो टेबल, हॅश वगैरेंसाठी दुसरं पान धरा. '--सॉकेट-मेम=२०४८,० --सॉकेट-लिमिट=२०४८,१०२४'.

रिंगचा आकडा विसरला की काय होतं ते सांगते, कारण ते हमखास होतं. डिस्क जरा मंदावली की सगळे एमबफ रिंगेत जाऊन बसतात, आरएक्सला (येणाऱ्या पॅकेटच्या रांगांना) भरायला एमबफ मिळत नाहीत आणि 'आरएक्स_नोएमबफ' किंवा 'आयमिस्ड' वाढू लागतं. बघणाऱ्याला वाटतं कार्ड कमी पडतंय. मग तो डिस्क्रिप्टर वाढवतो, म्हणजे एमबफ आणखी अडकवतो.

घाटावरचा पिंग

ओव्हीएसचा हिशेब मी देतो. नेहमीच्या सामायिक पद्धतीत तो प्रत्येक न्यूमा नोड आणि प्रत्येक एमटीयूमागे (पॅकेटचा कमाल आकार) एक पूल करतो, २६२१४४ एमबफचा. एमटीयू १५०० ला एक घटक ३००८ बाइट, म्हणजे सुमारे ७८८ एमबी. एमटीयू ९००० ला १०१७६ बाइट, म्हणजे सुमारे २६६७ एमबी. दोन्ही एमटीयूची पोर्ट असतील तर दोन्ही पूल होतात, बेरीज साधारण ३४५५. त्यामुळे नोड ० वर ४ पानं.

इथे ओव्हीएस गप्प बसून एक गोष्ट करतो. २६२१४४ ला मेमरी पुरली नाही तर आकडा निम्मा करून पुन्हा प्रयत्न करतो, असं १६३८४ पर्यंत. पोर्ट जोडलं जातं, पिंग चालतं, पण भार आला की पॅकेट गळतात. सॉकेट-मेम कमी दिलंय हे त्यामुळे चूक म्हणून समोर येतच नाही. सुरू झाल्यावर 'ओव्हीएस-अ‍ॅपसीटीएल नेटडेव्ह-डीपीडीके/गेट-मेमपूल-इन्फो' चालवून पूलचा आकार बघायची सवय लावा.

नोडशून्य

आता तुमची तिसरी अडचण, साधी मेमरी संपल्याची. व्हीपीपीचं पॅकेज /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये ८०-व्हीपीपी.कॉन्फ नावाची फाइल टाकतं. तिच्यात 'व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस=१०२४' असतं. लिहिणाऱ्याच्या मनात २ एमबीची १०२४ पानं, म्हणजे २ जीबी. पण हा सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग) नेहमी डीफॉल्ट आकाराच्या पानांना लागू होतो आणि तुमच्या बूटलाइनमध्ये डीफॉल्ट १ जीबी आहे. कर्नलला हुकूम गेला: १०२४ जीबी राखून ठेव. तेवढी नाही, पण सापडतील तेवढी सगळी तो उचलतो.

त्याच फाइलीत 'व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट=३०९६' पण असतं. लिनक्सचा मूळ आकडा ६५५३०. शेजारी २ एमबीची हजारो पानं वेगवेगळ्या फाइलींतून मॅप करणारं दुसरं अ‍ॅप असेल तर त्याचं एममॅप (मेमरी जोडून घेणं) यामुळे फसू शकतं आणि दोष भलत्यालाच लागतो. ती ओळ काढून टाका किंवा मूळ आकडा लिहा.

माझा सल्ला, डीफॉल्ट २ एमबीच ठेवा, १ जीबी पानं वेगळी मागा. बूटलाइन:

डीफॉल्ट_ह्यूजपेजएसझेड=२एम ह्यूजपेजएसझेड=१जी ह्यूजपेजेस=०:१६,१:४ ह्यूजपेजएसझेड=२एम ह्यूजपेजेस=०:५१२,१:५१२

क्रम महत्त्वाचा. 'ह्यूजपेजेस' आपल्या आधीच्या 'ह्यूजपेजएसझेड' ला चिकटतं. '०:१६,१:४' ही नोडवार पद्धत नव्या कर्नललाच कळते. जुन्यावर नुसता एकूण आकडा द्यावा लागतो आणि तो नोडांमध्ये समान वाटला जातो. तुमच्या ३२ पैकी १६ पानं नोड १ वर उगाच पडून होती ती त्यामुळेच.

२ एमबीची एकूण १०२४ झाल्यामुळे व्हीपीपीच्या फाइलीतला आकडाही जुळतो, तिथे काही बदलायला नको. दुसरा आकडा ठेवायचा असेल तर त्या फाइलीतही तोच लिहा, नाहीतर बूट झाल्यावर ती फाइल तुमची जास्तीची पानं परत करून टाकेल.

अल्पमती

मध्येच एक प्रश्न. १ जीबी पानं घेण्याचा एवढा अट्टाहास कशाला? सगळं २ एमबीवर का नको? २ एमबी चालू मशीनवरही मिळतात, १ जीबी बूटलाच घ्यावी लागतात.

टीएलबीताई

रास्त प्रश्न. इंटेल स्कायलेकचं उदाहरण घ्या: दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत (व्हर्च्युअल पत्त्यांचं भाषांतर लक्षात ठेवणारी सीपीयूतली कॅश) ४ केबी आणि २ एमबी पानांसाठी मिळून १५३६ नोंदी, १ जीबीसाठी वेगळ्या १६. म्हणजे २ एमबी पानांनी एका कोअरला ३ जीबीपर्यंतची मेमरी टीएलबीच्या आवाक्यात राहते, १ जीबीने १६ जीबी. कॅप्चर अ‍ॅपचा ३०० एमबीचा पूल दोन्हीकडे आरामात बसतो, वेगात फरक दिसायचा नाही. कोट्यवधी फ्लोचं हॅश टेबल असेल, किंवा ओव्हीएसमागे मोठ्या व्हीएमची मेमरी असेल, तिथे १ जीबीचा उपयोग.

२ एमबीच्या बाजूने एक आणि विरोधात एक सांगते. बाजूने: वाटणी बारीक करता येते, ३०० एमबीसाठी १ जीबी अडकत नाही. विरोधात: व्हीएफआयओ (प्रोग्रॅमला कार्ड थेट देणारा कर्नलचा ड्रायव्हर) वापरताना प्रत्येक पानाचं आयओएमएमयूमध्ये (कार्डाच्या मेमरी-पत्त्यांचं भाषांतर करणारं हार्डवेअर) मॅपिंग होतं आणि त्या नोंदींची मूळ मर्यादा ६५५३५ आहे. २ एमबीने ती सुमारे १२८ जीबीला गाठते. हे मोठ्या मशीनचं दुखणं, पाटलांचं नाही. ती वाढवायची झाल्यास 'व्हीएफआयओ_आयओएमएमयू_टाइप१' मॉड्यूलचं 'डीएमए_एंट्री_लिमिट'.

आणि चालू मशीनवर २ एमबी 'मिळतात' हेही अर्धसत्यच. एनआर_ह्यूजपेजेसमध्ये ५१२ लिहिलं आणि सलग जागा ४३० पानांपुरतीच निघाली तर कर्नल तेवढीच देतो, चूक दाखवत नाही. लिहिल्यावर तीच फाइल वाचून बघायची. कमी आली तर 'ड्रॉप_कॅशेस' मध्ये ३ आणि 'कॉम्पॅक्ट_मेमरी' मध्ये १ लिहून पुन्हा प्रयत्न. १ जीबीला हा उपाय क्वचितच लागू पडतो.

अल्पमती

समजलं, धन्यवाद. आणि ट्रान्सपरंट ह्यूजपेज चालू असतील तर हे सगळं करायचं कारणच काय, हा पुढचा प्रश्न होता :)

नोडशून्य

ते वेगळं खातं. डीपीडीकेला ह्यूजटीएलबीची जागेवरून न हलणारी पानं लागतात, कार्ड थेट त्या पत्त्यावर लिहितं. ट्रान्सपरंट पानं कर्नल हवी तेव्हा जोडतो, तोडतो, हलवतो. पॅकेटच्या मशीनवर ती 'मॅडव्हाइज' किंवा 'नेव्हर' वर ठेवतात, एवढंच.

पॅकेटपाटील

नवी बूटलाइन घातली. आता /प्रॉक/मेमइन्फो मध्ये ह्यूजपेजेस_टोटल १०२४ दिसतंय, पण १ जीबीची २० पानं कुठेच नाहीत. घेतलीच नाहीत की काय?

घाटावरचा पिंग

घेतलीत. मेमइन्फोमधल्या ह्यूजपेजेस_ ने सुरू होणाऱ्या ओळी फक्त डीफॉल्ट आकार दाखवतात. खालची 'ह्यूजटीएलबी' ही ओळ सगळ्या आकारांची बेरीज केबीमध्ये देते. नोडवार बघायचं तर /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/नोड/नोड०/ह्यूजपेजेस/ह्यूजपेजेस-१०४८५७६केबी/ मधल्या एनआर_ आणि फ्री_ फाइली. किंवा डीपीडीकेसोबत येणारी 'डीपीडीके-ह्यूजपेजेस.पीवाय -एस', ती तक्ता छापते.

पण डीफॉल्ट २ एमबी केल्यामुळे एक काम वाढलं. सिस्टमडी /डेव्ह/ह्यूजपेजेस माउंट करतं ते डीफॉल्ट आकाराचं. १ जीबीसाठी माउंट स्वतः करायला हवं. करायचंच आहे तर प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं करा. एफएसटॅबमध्ये:

नोडेव्ह /एमएनटी/ह्यूज-ओव्हीएस ह्यूजटीएलबीएफएस पेजसाइज=१जी,साइज=५जी ० ०
नोडेव्ह /एमएनटी/ह्यूज-कॅप ह्यूजटीएलबीएफएस पेजसाइज=१जी,साइज=२जी,यूआयडी=...,जीआयडी=... ० ०
नोडेव्ह /एमएनटी/ह्यूज-व्हीएम ह्यूजटीएलबीएफएस पेजसाइज=१जी,साइज=८जी ० ०

मग ओव्हीएसला 'डीपीडीके-ह्यूजपेज-डिर', कॅप्चरला '--ह्यूज-डिर', क्यूएमूला (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) मेम-पाथ. 'साइज' ही कर्नलने पाळलेली मर्यादा. सॉकेट-लिमिट हा प्रोग्रॅमने स्वतःला घातलेला आवर आहे, कॉन्फिग बदलताना कुणी ती ओळ उडवली की संपला. माउंटची मर्यादा तशी उडत नाही. फक्त ती नोडवार नसते, दोन्ही नोडांची बेरीज असते. ओव्हीएसला म्हणून ५: नोड ० ची चार आणि नोड १ चं एक.

नोडशून्य

व्हीएमबद्दल पिंगने वर एक ओळ लिहिली, पण या मांडणीत मला सर्वात धोक्याची जागा तीच वाटते, म्हणून जरा सविस्तर.

ह्यूजटीएलबीमध्ये राखणं आणि प्रत्यक्ष देणं या दोन पायऱ्या आहेत. एममॅप करताना कर्नल पानं राखतो (मेमइन्फोतलं 'आरएसव्हीडी'), पण देतो तेव्हा, जेव्हा त्या पत्त्याला पहिला स्पर्श होतो. राखीव पानांचा हिशेब सगळ्या मशीनचा मिळून ठेवला जातो, नोडचा नाही. आता क्यूएमू ४ जीबीची व्हीएम नोड ० ला बांधून उठला, प्रीअ‍ॅलॉकशिवाय. एममॅप यशस्वी, कारण नोड १ वर ४ पानं मोकळी आहेत. गेस्ट बूट झाला, निम्मी मेमरी वापरली. दरम्यान नोड ० वरची पानं दुसऱ्या कुणी घेतली. गेस्टने पुढच्या पानाला हात लावला, नोड ० वर पान नाही, नोड १ वर जायची परवानगी नाही. निकाल: सिगबस (प्रोसेस मारणारा सिग्नल) आणि व्हीएम जागच्या जागी खलास. लॉगमध्ये मेमरी कमी असल्याचा चकार शब्द नाही.

म्हणून 'मेमरी-बॅकएंड-फाइल' ला चार गोष्टी हव्यातच: शेअर=ऑन (व्हीहोस्ट-युजरला त्याशिवाय गेस्टची मेमरी दिसत नाही), प्रीअ‍ॅलॉक=ऑन, होस्ट-नोड्स=०, पॉलिसी=बाइंड. मेमरी नसेलच तर व्हीएम उठतानाच नकार मिळू दे.

डीपीडीके स्वतः हे जरा शहाणपणाने करतं. पान घेतल्यावर लगेच स्पर्श करतं आणि ते कोणत्या नोडवर पडलं ते तपासतं. चुकीच्या नोडवर असेल तर 'अ‍ॅलोकेशन हॅपन्ड ऑन राँग सॉकेट' म्हणून परत देतं. ही ओळ दिसली की समजा, मागितलेल्या नोडवरची पानं संपली आहेत, एकूण मोकळी कितीही दिसोत. यासाठी डीपीडीके लिबन्यूमासकट बांधलेलं हवं, नाहीतर ते सगळी मेमरी सॉकेट ० ची धरून चालतं.

पॅकेटपाटील

नोड ० चा जमाखर्च मग असा: ओव्हीएस ४, व्हीएम ८, कॅप्चर २, एकूण १४, शिल्लक २. बरोबर? आणि व्हीपीपीला २ एमबीची किती?

टीएलबीताई

बरोबर. शिल्लक दोन मोकळीच ठेवा, टेस्टपीएमडी (डीपीडीकेचं चाचणी अ‍ॅप) चालवायला कामी येतात.

व्हीपीपीचा एक बफर २०४८ डेटासकट २४९६ बाइटचा असतो, 'शो बफर्स' मध्ये दिसतो. स्टार्टअप.कॉन्फमध्ये बफर्स-पर-न्यूमा १२८००० ठेवलंत तर २ एमबीच्या एका पानात ८४० बफर, म्हणजे १५३ पानं. नावातच 'पर न्यूमा' आहे, म्हणून नोड ० वरही तेवढी धरा, ५१२ मध्ये भरपूर वाव आहे.

पण तपासाच. ह्यूजपेज मिळाली नाहीत तर व्हीपीपी थांबत नाही, 'फॉलिंग बॅक टू नॉन-ह्यूजपेज बॅक्ड बफर पूल' एवढं लॉगात लिहून ४ केबीच्या पानांवर चालू लागतो. ओव्हीएसच्या निम्मा-निम्मा प्रकारासारखंच. मला स्वतःला सरळ मरून पडणारे प्रोग्रॅम आवडतात.

पॅकेटपाटील

राहिली दुसरी अडचण. 'किल -९' नंतर पानं परत का येत नाहीत?

घाटावरचा पिंग

कारण ती फाइलीत आहेत. प्रोसेस मेली तरी /एमएनटी/ह्यूज-कॅप मध्ये कॅपमॅप_० उरते आणि फाइल आहे तोवर पान तिचं. आधी 'एफयूझर -व्ही' किंवा 'एलएसओएफ' ने कुणी धरलेली नाही ना बघा, मग पुसा. तीच डिरेक्टरी घेऊन अ‍ॅप पुन्हा उठलं की डीपीडीकेही कुणाचं लॉक नसलेल्या जुन्या फाइली साफ करतं. अडचण येते ती अ‍ॅप परत उठवायचंच नसेल तेव्हा, किंवा प्रीफिक्समध्ये पीआयडी घालून दरवेळी नवी माउंट डिरेक्टरी बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये.

हे नकोच असेल तर '--इन-मेमरी'. फाइल नाही, कॉन्फिग नाही, प्रोसेस गेली की पानं गेली. प्रीफिक्सची टक्करही होत नाही.

नोडशून्य

पिंगशी इथे असहमत. इन-मेमरी लावलं की सेकंडरी प्रोसेस (चालू प्रायमरीची मेमरी वाटून घेणारी) बंद, म्हणजे डीपीडीके-पीडंप (पॅकेट पकडणारं) आणि डीपीडीके-प्रॉक-इन्फो (आकडे दाखवणारं) दोन्ही गेली. कॅप्चर अ‍ॅपमध्ये रांगांचे आकडे बाहेरून बघता न येणं परवडत नाही. शिवाय इन-मेमरीतली पानं तुमच्या माउंटमधून येतच नाहीत, म्हणजे वर तुम्हीच सांगितलेली 'साइज' मर्यादा त्याला लागू नाही.

घाटावरचा पिंग

साइजचा मुद्दा मान्य. तिथे सीग्रुप (प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणारी कर्नलची सोय) वापरायचा. सीग्रुप व्ही२ मध्ये 'ह्यूजटीएलबी.१जीबी.मॅक्स' आणि 'ह्यूजटीएलबी.१जीबी.आरएसव्हीडी.मॅक्स' आहेत. पहिला पान देताना अडवतो, म्हणजे पुन्हा सिगबस. दुसरा राखतानाच अडवतो, एममॅपच नाकारलं जातं. दुसराच वापरा.

सेकंडरीचा मुद्दा तेवढा पटत नाही. आकडे बघायला टेलिमेट्री आहे: 'डीपीडीके-टेलिमेट्री.पीवाय -एफ कॅप', आत '/ईएएल/हीप_लिस्ट' आणि '/ईएएल/हीप_इन्फो,०'. सेकंडरीला तर तीच डीपीडीके आवृत्ती, तेच बिल्ड आणि मेमरी त्याच व्हर्च्युअल पत्त्यावर लागते. पत्ते जुळत नाहीत म्हणून एएसएलआर (दरवेळी पत्ते बदलण्याची कर्नलची सोय) बंद करा, नाहीतर '--बेस-व्हर्टअ‍ॅडर' लावा. प्रॉडक्शनवर एवढं कोण करतं?

नोडशून्य

पॅकेट पकडून बघायचं असतं तेव्हा करतात. असो, पाटलांनी ठरवावं.

अल्पमती

कंटेनरमध्ये चालवलं तर? आमच्याकडे सगळं पॉडमध्येच असतं.

टीएलबीताई

थोडक्यात. कुबरनेटीसमध्ये 'ह्यूजपेजेस-१जीआय' ची रिक्वेस्ट आणि लिमिट सारखीच हवी, सोबत सीपीयू किंवा मेमरीचीही मागणी हवी. 'एम्प्टीडिर' चं मीडियम 'ह्यूजपेजेस-१जीआय'. नोडवर पानांची संख्या बदलली तर क्यूबलेट रीस्टार्ट केल्याशिवाय त्याला कळत नाही.

साध्या डॉकरमध्ये होस्टचं /डेव्ह/ह्यूजपेजेस दोन कंटेनरना दिलंत तर जपून. प्रत्येकाचं /व्हार/रन वेगळं, त्यामुळे लॉकची टक्कर दिसत नाही, पण ह्यूजपेजची डिरेक्टरी एकच आणि फाइलींची नावं तीच. चूक न दाखवता दोघं एकमेकांच्या फाइलींवर हात टाकतात. तिथे वेगळा प्रीफिक्स किंवा इन-मेमरी सक्तीचं समजा. आणि 'सेट_मेमपॉलिसी: ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर डॉकरच्या सेककॉम्पने (सिस्टम कॉल गाळणारी चाळणी) अडवलंय, कॅप_सिस_नाइस द्यावी लागते.

पॅकेटपाटील

सगळं वर लिहिल्याप्रमाणे लावलं. तिन्ही उठले, नोड ० वर फ्री_ह्यूजपेजेस २. ओव्हीएसचा पूल २६२१४४ चा दिसतोय. एकच राहिलं, कॅप्चर अ‍ॅप रूटऐवजी साध्या युजरने चालवलं की मेमरी मिळते, पण फिजिकल पत्ते मिळत नाहीत म्हणून थांबतं.

नोडशून्य

कर्नल ४.० पासून /प्रॉक/सेल्फ/पेजमॅप मधले खरे पत्ते कॅप_सिस_अ‍ॅडमिनशिवाय दिसत नाहीत. कार्ड व्हीएफआयओ-पीसीआयला बांधा, बूटलाइनमध्ये 'इंटेल_आयओएमएमयू=ऑन आयओएमएमयू=पीटी', आणि अ‍ॅपला '--आयओव्हीए-मोड=व्हीए'. मग फिजिकल पत्ते लागतच नाहीत. /डेव्ह/व्हीएफआयओ मधल्या त्या ग्रुपच्या फाइलीची मालकी त्या युजरला द्या. व्हीएफआयओ पानं लॉक करतं, त्यामुळे सर्व्हिस फाइलीत 'लिमिटमेमलॉक=इन्फिनिटी' हवं, नाहीतर डीएमए मॅपिंगला 'कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी' येईल आणि तुम्ही परत ह्यूजपेज मोजत बसाल.

रनटाइम डिरेक्टरीही बदलते हं. रूट नसताना ती एक्सडीजी_रनटाइम_डिर खाली जाते, तो व्हेरिएबल नसेल तर /टीएमपी/डीपीडीके. टेलिमेट्रीचं सॉकेट तिथे शोधा.

टीएलबीताई

जाता जाता, युजर बदलताय तर कोअर डंपचंही बघून घ्या. 'कोअरडंप_फिल्टर' चं मूळ मूल्य ०एक्स३३, त्यात सामायिक ह्यूजपेजचा बिट नसतो आणि डीपीडीकेची नेहमीची पानं सामायिकच असतात. अ‍ॅप कोसळलं की बॅकट्रेस मिळतो, पण एमबफमध्ये काय होतं ते नाही. पॅकेट बघायचंच असेल तर ०एक्स७३ करा आणि डंपच्या डिस्कवर २ जीबी जास्तीची ठेवा.

पॅकेटपाटील

मेमलॉकच होतं. चाललं. डंपचं फक्त टेस्ट मशीनवर करतो, कॅप्चरमध्ये लोकांचा डेटा असतो.